पाचवीचं जोतं

भाऊ, आधी माफी मागते. शुद्धलेखन चुकेल. अक्षराचं तर तुम्हाला सांगायलाच नको. एकदा किराण्याच्या यादीत मी लिहिलेली 'हळद' वाचता आली नाही म्हणून तुम्ही ती यादी जेवायला बसलेल्या पाहुण्यांमध्ये फिरवली होती. "आमच्या मुकीचं अक्षर पाहा, जशी कोंबडीच नाचली कागदावर." पाहुणे हसले. मी त्यांच्याच ताटात वरण वाढत होते. म्हणून माफी मागते, पण सगळी नाही मागत. निम्मी चूक माझी, निम्मी तुमची. चौथीच्या पुढचं अक्षर मी आणू कुठून?

तुम्हाला जाऊन महिना होत आला. पेपरात तुमच्यावर खूप छापून आलं. आदिलाबादच्या तुमच्या घरी येणारा मराठी पेपर मी इतकी वर्षं रोज वाचत आले, भाजी निवडायला खाली अंथरण्याआधी. तुम्हाला वाटायचं मी फोटो बघते. किती वेळा निवडून आलात, कोणत्या कमिटीवर होतात, ते सगळं त्यात आहे. ते मी लिहीत नाही. एका ठिकाणी मात्र मोठ्या अक्षरांत होतं, 'सीमेवरच्या मराठी शाळांचा कैवारी'. तो कागद मी वेगळा ठेवला. दोन दिवस ठेवला. मग त्याच्यावर भेंडी चिरली.

तुम्हाला आठवत नसेल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आदिलाबादहून सीमेकडं जाताना बेला गाव लागतं, त्याच्या पलीकडचं आमचं गाव. मराठी शाळा होती, एक खोली, एक मास्तर आणि चार वर्ग. चौथी झाली की मुलं नदीपलीकडे महाराष्ट्रात मामाकडे नाहीतर मावशीकडे राहायला जायची आणि मुली घरी बसायच्या. तुम्ही पहिल्यांदा उभे राहिलात त्या वर्षी तुमची जीप शाळेसमोर थांबली. मास्तरांनी मला पुढं केलं, एकोणतीसचा पाढा म्हणायला. माणसं पाहून माझा आवाजच गेला. तुम्ही खाली वाकलात. तुमच्या तोंडाला लवंगेचा वास होता.

"जोरात म्हण पोरी. भिते कोणाले?"

मी म्हटला. पुरा म्हटला. तुम्ही मला हाताला धरून ओट्यावर उभं केलंत आणि गावाला म्हणालात, "ही पोरगी चौथीनंतर वावरात जाईन का? नाई जानार! या पोरीसाठी मी पाचवी आनतो. येत्या जूनले!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा बाप सगळ्यात मागं उभा होता, त्यानंही वाजवल्या.

सरकार मास्तर देईल, पण खोली गावानं बांधायची, असं तुम्ही समजावून सांगितलंत. कोणी बांबू दिले, कोणी दगडाच्या गाड्या आणल्या, कोणी पैसे दिले. आमचा वांग्या-मिरचीचा लहानसा मळा होता, त्यात पैसा कुठला? बापानं कालवड विकली. तांबडी होती, कपाळावर पांढरा ठिपका. आई म्हणाली, "दुधाची वाट पाहून राह्यलो आन् तुमी तिले शाळेत घालता?" बाप म्हणाला, "सुमनची पाचवी हाये ते." तेव्हापासून गावात त्या खोलीचं नावच पडलं, सुमनची पाचवी. सगळा पैसा तुमच्या हातात दिला, कारण ठेकेदार तुमचा होता.

तुम्ही नारळ फोडलात. जोतं उठलं, माझ्या गुडघ्याएवढं. मग निवडणूक झाली. तुम्ही जिंकलात आणि जोतं तेवढंच राहिलं.

मास्तर चांगला माणूस होता. तो म्हणाला, पोरीला घरी बसवू नका, चौथीतच बसू द्या. जूनमध्ये पाचवी उघडली की सरळ पुढं घेतो. म्हणून मी चौथी पास होऊनही पुन्हा चौथीत बसले. तीच पुस्तकं, तेच पाढे. माझ्यापेक्षा लहान मुलं मागून येऊन माझ्या शेजारी बसली. मास्तर शिकवायचे आणि मी खिडकीतून जोत्याकडे बघायचे, गवंडी आला का म्हणून. पुढच्या जूनला बाप तुम्हाला भेटायला आदिलाबादला गेला. तुम्ही हैदराबादला होतात. परत आल्यावर तो जेवला नाही. म्हणाला, "पुरे झालं. एक वर्ग दोनदा शिकून पोरगी काय दीड शहानी होनार हाये का?"

तुमच्यामुळे चौथी माझी इतकी पक्की झाली की आजवर काही विसरले नाही. ही तुमची देणगी. लिहून ठेवते.

पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली, मग नवरा गेला. हे तुम्हाला माहीत आहे, कारण तेव्हाच मी तुमच्या स्वयंपाकघरात आले. वहिनींना भाकरी थापणारी बाई पाहिजे होती. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "कोन्या गावची?" मी गावाचं नाव सांगितलं. वाटलं, आता आठवेल. तुम्ही म्हणालात, "अरे वा, आपलंच गाव! तिथं आपल्याले लीड असते." आणि भाकरी मोडलीत.

मी बोलत नव्हते म्हणून तुम्ही माझं नाव मुकी ठेवलंत. घरात, गाडीवर, ऑफिसात, सगळीकडे तेच झालं. तुमचा ड्रायव्हर मला मुकीअक्का म्हणायचा. मी मुकी नव्हते भाऊ. माणसांसमोर माझा घसा आवळतो, एवढंच. एकदा तुमच्यासमोर तो मोकळा झाला होता, ओट्यावर. त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

पण मुकी माणसं तुम्हाला आवडायची. हैदराबादला जायच्या आधी तुम्ही स्वयंपाकघरात येऊन भाषण म्हणून दाखवायचा. तेलुगूत. मी परातीत पीठ मळायची आणि तुम्ही चुलाण्याजवळ हात हलवून बोलायचा. संपलं की विचारायचा, "कसं झालं वं?" मी मान हलवायची. तेच भाषण तुम्ही बेल्याला मराठीत करायचा, पण उलटं. दारूच्या दुकानांचं तसं, जंगलातल्या जमिनींचं तसं. तिकडच्या भाषणात 'सरकारनं योग्य केलं', इकडच्या भाषणात 'मी सरकारले सोडनार नाई'. तेलुगू मला आदिलाबादच्या बाजारानं शिकवली होती, हे तुमच्या लक्षात कधी आलं नाही. माझ्याकडून भाजी आणवायचा, तेव्हा तरी यायला पाहिजे होतं.

आणि ती उपरणी. दर काही वर्षांनी तुमच्या गळ्यातलं उपरणं बदलायचं. धुवायला माझ्याकडेच. पक्षाची उपरणी कच्च्या रंगाची असतात भाऊ, सगळ्याच पक्षांची. वाटलेलं फुकटचं कापड. पहिल्या धुण्यात तुमच्या पांढऱ्या सदऱ्यांना रंग लागायचा. वहिनी ओरडायच्या, "मुके, वेगळं भिजवत जा म्हटलं ना!" मी वेगळं भिजवायला लागले. मग एक दिवस जुन्या रंगाचे डाग निघेनात आणि नव्या रंगाचं उपरणं आलं. वहिनी म्हणाल्या, "आता हे सदरे कसे घालतीन हे?" पहिल्यांदाच मी तोंड उघडलं. म्हटलं, "घालू द्या. लोकायले सवय हाये." वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तुम्ही बाहेरून विचारलंत, काय झालं? वहिनी म्हणाल्या, "काई नाई, दूध उतू गेलं."

राज्य एकाचं दोन झालं. तुम्ही आधी नको म्हणालात, मग पाहिजेच म्हणालात. राज्य बदललं तरी हैदराबाद तेच राहिलं आणि तुम्हीही तेच राहिलात.

मतदानाच्या दिवशी माझ्या बोटाची शाई बघून तुम्ही विचारायचा, "कोनाले दिलं वं मुके?" मी मान खाली घालायची. मग बसलेल्या लोकांना म्हणायचा, "बाकी कोनी देवो ना देवो, या चुलीजवळचं एक मत माझं पक्कं हाये!" आता सांगते. माझं नाव यादीत आलं त्या वर्षी दिलं होतं तुम्हाला. वाटलं, या वेळी तरी खोली उठेल. त्यानंतर कधीच नाही दिलं. एकदाही नाही. ज्याचं नाव तुमच्या खाली असेल त्याला द्यायची, माणूस कोण ते न पाहता. तुमच्या घरची भाकरी थापून जायची, तुमच्या गाडीत बसून जायची आणि तुमच्या विरुद्ध बटण दाबून परत येऊन तुमच्यासाठी भात टाकायची. हे तुम्ही जिवंत असताना सांगायची फार इच्छा होती.

एक गोष्ट मात्र लिहायलाच पाहिजे, नाहीतर हे लिहिणं खोटं पडेल. माझी मुलगी आमच्याच गावात दिलेली, बाळंतपणालाही तिथंच होती. पाऊस लागला, नाल्याला पाणी, ॲम्ब्युलन्स पलीकडेच थांबली. फोन आला तेव्हा तुम्ही जेवत होतात. मी कोपऱ्यात उभी राहून रडत होते. तुम्ही हात न धुता उठलात. जीप घेऊन स्वतः गेलात. ड्रायव्हर म्हणाला, भाऊ पाणी जास्त आहे, तर त्याला आईवरून शिवी दिलीत आणि स्टेअरिंग स्वतः हातात घेतलंत. माझी मुलगी वाचली आणि नातही वाचली. ऋतुजा. दवाखान्यात तिला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा तुमच्या बोटांवर अजून वरण वाळलेलं होतं.

तुम्ही नुसते वाईट असता तर मला किती सोपं गेलं असतं.

ती ऋतुजा शाळेत जायला लागली. तीच शाळा, तीच खोली, मास्तर नवा. तिला पाढे येतात आणि ती माझ्यासारखी भीत नाही. ती तिसरीत गेली तेव्हा मी मनाशी ठरवलं की भाऊंना आता तोंडानं मागायचं. मागितलंही. आठवतं? दिवाळीचा दिवस होता. तुम्ही सगळ्या नोकरमाणसांना विचारत होतात, काय पाहिजे? ड्रायव्हरनं मोबाईल मागितला. माझ्यापाशी आलात.

"बोल मुके. साडी का भांडं?"

"पाचवी," मी म्हणाले.

"काय?"

"आमच्या गावाले पाचवी. जोतं हाये अजून."

तुम्ही आधी हसलात. मग माझ्याकडे नीट बघितलंत. मला वाटलं, आता ओळखलंत. तुम्ही म्हणालात, "करू. यंदा करू. चिठ्ठी लिहितो कलेक्टरले." आणि मला साडी दिलीत.

त्याच थंडीत हैदराबादला शाळांचं ते बिल आलं. ज्या गावात मुलं कमी, तिथं नवा वर्ग नाही, नवा मास्तर नाही. त्या दिवशी दुपारी वहिनींनी सभागृहाचं टीव्हीवर लावलं होतं, तुम्ही दिसता का म्हणून. मी दारात उभी राहून तांदूळ निवडत होते. वर बसलेल्या माणसानं विचारलं, खालच्यांनी एकदम आवाज केला आणि तो म्हणाला, मंजूर. कोण हो म्हणालं, कोण नाही म्हणालं, काही कळलं नाही. पण मग सगळे बाकं वाजवायला लागले आणि कॅमेरा फिरता फिरता तुमच्यावरून गेला.

जेवताना दुसरी भाकरी पाहिजे असली की तुम्ही हाक मारत नव्हता. पालथ्या हातानं टेबलावर दोनदा थाप मारायचा आणि मग जरा थांबून तिसरी. थाप थाप, थाप. झोपेत ऐकू आली तरी मी तव्याकडे धावेन, इतकी ती माझ्या अंगात भिनली आहे. बाकीचे लोक तळहातानं वाजवत होते. तुम्ही पालथ्या हातानं वाजवत होतात. थाप थाप, थाप.

वहिनी म्हणाल्या, "दिसले, दिसले!" माझ्या हातातलं सूप कलंडलं.

तुम्ही परत आलात त्या दिवशी मी भाकरी वाढली आणि तिथंच उभी राहिले. जात नाही म्हटल्यावर तुम्ही वर बघितलंत.

"काय वं?"

"बाक काऊन वाजवला?"

तुमच्या तोंडात घास होता. तो गिळून मग तुम्ही म्हणालात, "कोनतं बाक?"

"शाळेचं आलं तवा."

"तुले काय समजते त्यातलं? तिथं आवाजी मत असते. नाव लागत नाई कोनाचं. सगळे वाजवतात म्हून वाजवा लागते."

"नाई वाजवलं तर?"

"तर पुढच्या खेपेले तिकीट नाई."

"आन् वाजवलं तर पाचवी नाई."

तुम्ही ताट सरकवलंत. "नाला ओलांडून कोन गेलतं तुह्या पोरीसाठी? मी का तुहा बाप?" मी म्हणाले, "तुमीच गेलते. जिले आनलं तिच्याचसाठी मागून राह्यली." तुम्ही उठून गेलात. वहिनी आतून सगळं ऐकत होत्या, पण त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. हे आपलं भांडण असंच राहिलं, अर्ध्या ताटावर.

पुढच्याच आठवड्यात बेल्याला सभा होती आणि मी तुमचा डबा घेऊन गाडीत आले होते. तुम्ही माईक हातात घेऊन म्हणालात, "शाळांचा मामला आला तवा मी एकटा उभा राह्यलो! एकटा! म्हटलं, माह्या मराठी लेकरायच्या तोंडचा घास काढू नका!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावचे लोक पुढंच होते. बोलता बोलता तुमची नजर गाडीकडे आली, माझ्यावर थांबली. एवढ्या मोठ्या सभेत तुम्ही खोटं बोलता हे जाणणारं एकच माणूस होतं आणि त्या माणसाचं नाव मुकी. तुम्ही नजर काढलीत आणि आवाज अजून वाढवलात.

मग तुम्हाला झटका आला. अर्धं अंग गेलं, जीभ गेली. ज्या माणसाचा आवाज दोन भाषांत दोन गोष्टी सांगायचा त्याच्या तोंडून एकाही भाषेतला शब्द निघेना. नर्स होती, पण पेज तुम्ही माझ्याच हातानं घ्यायचा. पलंगाच्या लोखंडावर चालता हात पालथा मारायचा. थाप थाप, थाप. मी वाटी घेऊन यायची. दर वेळी पहिला चमचा भरवण्याआधी तुमच्या कानाशी वाकून विचारायची, "भाऊ, पाचवीचं काय झालं?" तुम्ही डोळे मिटून घ्यायचा. मिटल्या डोळ्यांतून पाणी यायचं. पाहायला आलेले लोक म्हणायचे, बाई किती चांगली, कानात देवाचं नाव सांगते. मी दुसरा चमचा भरवायची. तुमचं तोंड पदरानं पुसायची आणि संध्याकाळी पुन्हा विचारायची.

याची माफी मी मागत नाही.

दहाव्याला पुरुष पैनगंगेवर गेले. परत आले आणि वहिनींना सांगितलं की कावळा लगेच शिवला. पिंड ठेवायचा अवकाश, आलाच. सगळ्यांना समाधान वाटलं, भाऊंची काही इच्छा मागं राहिली नाही. मी भांडी घासत ऐकलं. म्हणजे तेवढीही नव्हती राहिली.

तेराव्याला मांडव भरला होता. तुमच्या घरची ती रीत मला माहीत होती, तुमच्या वडिलांच्या तेराव्यालाही मीच वाढायला होते. पंगत बसण्याआधी मुलानं हात जोडून उभं राहायचं आणि विचारायचं, "बाबांकडं कोनाचं काही घेनं राह्यलं असन तर सांगा. त्यायच्या डोक्यावर ठेवू नका." लोकांनी मान हलवून म्हणायचं, "काई नाई, काई नाई." मग पत्रावळी मांडायच्या. तुमच्या वडिलांच्या वेळी तुम्ही विचारलंत तेव्हा तुमचं लक्ष मांडवाच्या दारात कोण आलं तिकडे होतं.

या वेळी तुमच्या मुलानं विचारलं. तुमच्या जागेवर त्याला उभं करायचं बोलणं चालूच आहे, म्हणून त्याचं चित्रण करायला मोबाईल धरून पोरं उभी होती. लोक म्हणाले, "काई नाई, काई नाई." माझ्या हातात बुंदीची परात होती. मी ती खाली ठेवली.

"माहं हाये," मी म्हणाले.

कोणाला ऐकू गेलं नाही. तुमचा आवाज आठवला, लवंगेच्या वासासकट. जोरात म्हण पोरी.

"माहं घेनं हाये!"

तुमचे चुलतभाऊ पुढं आले. "ए मुके, जा, वाढाले लाग." कोणीतरी हसलं, "मुकी बोलली रे!" तुमचा मुलगा तसाच हात जोडून उभा होता. म्हणाला, "मावशी, पगार राह्यला का?"

"पगार नाई. माह्या बापाची कालवड. शाळेच्या खोलीले दिलती. खोली झाली नाई."

"कोनती खोली?"

"पाचवी."

आमच्या गावचे लोक मांडवात होते. एक म्हातारा मागून म्हणाला, "खरं हाये. आमचे बी बांबू गेलते." दुसरा म्हणाला, "आमच्या गाड्या." तुमच्या चुलतभावांनी डोळे वटारले, पण मोबाईल चालू होते. गुरांच्या बाजारातला एक दलाल पंगतीला आला होता, त्यानं विचारलं, "कालवडीचा भाव तवाचा का आत्ताचा?" लोक हसले. एक जण म्हणाला, "आतापर्यंत तिच्या खांडभर गाई झाल्या असत्या. त्या बी धरा!" पुन्हा हसले. तुमचा मुलगा मात्र हसला नाही. तुमच्यापेक्षा हुशार आहे तो. त्यानं माझ्या पायाला हात लावला आणि मोबाईलकडे तोंड करून म्हणाला, "बाबांचं एक बी देनं मी ठेवनार नाई. गावात ज्यानं ज्यानं दिलं, सगळ्यायचं देतो. आजच्या भावानं."

मी म्हणाले, "मले पाचवी पाहिजे."

तो हळूच म्हणाला, "ते माह्या हातात नाई मावशी. पैसे सांगा."

तरी मला आनंदच झाला होता भाऊ. खोटं कशाला सांगू. वाटलं, एकदा माणसं मागायला लागली की थांबत नाहीत. आज बांबू मागतील, उद्या खोली मागतील, परवा वर्ग. इतकी वर्षं त्या जोत्यावर गावाचा हक्क तरी होता. ते तुमच्या डोक्यावर बसलेलं होतं. मला कळलंच नाही की मी ते तिथून उतरवते आहे.

काल तुमच्या मुलाचा माणूस गावात आला. मीही ऋतुजाला भेटायला गेले होते. तिची चौथी आता संपत आली. जावई म्हणतो, नाल्यापलीकडे एवढ्या लांब मुलीला पाठवणार नाही, कापूस वेचायला माणूस नाही. ऋतुजा मला म्हणाली, "आजी, मी बी चौथी पुन्हा करू का? तू केलती ना."

तो माणूस जोत्यावर बसला. एकेकाला बोलावलं, पैसे दिले, कागदावर सही नाहीतर अंगठा घेतला. त्याच्याबरोबर दुसरा एक जण टेप घेऊन जोतं मोजत होता. मी विचारलं, "हे काऊन मोजून राह्यले?" तो म्हणाला, "भाऊंचा पुतळा बसवायचा हाये इथं. जोतं मजबूत हाये, नवं बांधाची गरज नाई." म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पैसे त्यांच्या मुठीत होते.

मी म्हणाले, मी सही करत नाही. तो हसला. वाईट नव्हता हसला. म्हणाला, "काकू, मागितलं तर तुमीच. मांडवात. सगळ्यायनं पाह्यलं. आता घ्याले काऊन लाजता?" बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. मुलगी माझ्याकडे बघत होती, तिला पैशाची गरज आहे.

कागद मराठीत होता. आमच्यासाठी मुद्दाम मराठीत करून आणला, असं तो म्हणाला. माझं नाव त्यावर पुरं लिहिलेलं होतं, बापाच्या नावासकट. तुमच्या घरानं माझं नाव पहिल्यांदा लिहिलं. मी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. शाळेच्या खोलीसाठी दिलेली रक्कम मिळाली, या जागेवर माझा किंवा माझ्या वारसांचा हक्क उरला नाही. ऋतुजा माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिनं विचारलं, "आजी, वारस म्हंजे कोन?"

"तू," मी म्हणाले.

मग सही केली. अक्षर तुम्ही हसायचा तसंच आलं, पण वाचता येतं. पैसे मोजून घेतले. पूर्ण आहेत.